मला ओट्यावर बसवणाऱ्या वकीलबाई

आमच्या वकीलबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. समोरच्या पक्षावर कुणाचाच नसतो, त्यात नवल नाही. पण बाईंचा स्वतःच्या अशिलावरही नव्हता. कुणी रडत आलं तर त्या आधी पाण्याचा तांब्या पुढं करायच्या. रडणं ओसरलं की म्हणायच्या, "हे झालं तुमचं. आता घरून जे सांगायचं नाही असं ठरवून आलात, ते सांगा."

मी कांदा-बटाटा मार्केटात अडतीस वर्षं गोणी वाहिली. शेवटची काही वर्षं हमालांच्या टोळीचा मुकादम होतो. संशयी माणसं मी गाडीभर बघितलीत. तोललेली गोणी परत काट्यावर टाकायला लावणारा व्यापारी बघितला, आणि व्यापाऱ्याच्या काट्याखाली वाकून बघणारा शेतकरीही बघितला. मी स्वतः काही साधा माणूस नाही. बँकेतून पैसे काढले तर मी दारातच उभा राहून दोनदा मोजतो आणि घरी येऊन तिसऱ्यांदा. पण ह्या बाईपुढं मी म्हणजे देवमाणूस.

त्यांच्याकडं जायची वेळ माझ्या मुलीमुळं आली. शीतल माझी एकुलती एक. तिची आई लवकर गेली. उलव्याला नवा फ्लॅट, मुलगा नोकरीला, गावाकडच्या नात्यातला, म्हणून लग्न लावून दिलं. तीन वर्षांत ती दीड वर्षाच्या ओवीला कडेवर घेऊन परत आली. नवऱ्यानं हात उचलला होता. एकदा नाही. मी तिला परत जा म्हणालो नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो, कारण पुढं माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं फार नाही.

आमच्या साताऱ्याकडच्या माणसांत घरातलं भांडण चव्हाट्यावर नेत नाहीत, मंडळाच्या खोलीत नेतात. कोपरखैरण्यात आमच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे. तिथं पाच जाणती माणसं बसली, जावयाकडचे आले, मी गेलो, चहा झाला, आणि मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली. भांडीकुंडी, दागिने, कपाट, सगळं परत. लिहिणाऱ्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. दोन्ही बाजू भरून बारीक अक्षर, आणि भाषा सगळी 'सदर' आणि 'उपरोक्त'. मी तिसरी शिकलोय. गोणीवरचा मार्का मला लांबून वाचता येतो, पेपरातला मोठा मथळा येतो. पण पाच माणसं तोंडाकडं बघत असताना बोट लावून वाचत बसायचं? टोळीच्या मुकादमानं? मी वरून खाली नजर फिरवली, मान हलवली आणि सही ठोकली. मग कागद शीतलपुढं ठेवला. ती वाचायला वाकली. मी म्हणालो, "मी वाचलंय. कर सही."

तिनं केली.

पुढं आठ महिन्यांनी एका बारशाला त्या पाचांतला एकजण जेवता जेवता मला म्हणाला, "आबा, ओवी पाचाची झाली की पाठवायची ना उलव्याला? कागदात हाय तसं." मी हसलो आणि म्हणालो, "तर काय." घरी आलो, शीतल कामावर गेलेली होती, कागद काढला आणि दुपारभर अक्षराला अक्षर जोडत बसलो. दुसऱ्या बाजूला, खालून चौथ्या ओळीला होतं. 'सदर अपत्य पाच वर्षे पूर्ण होताच वडिलांचे ताब्यात विनातक्रार देण्याचे आहे.' त्याखाली शीतलची सही आणि माझी.

मी तो कागद तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली घातला. कुणाला सांगितलं नाही. ओवी तेव्हा तीन वर्षांची होत आली होती. माझ्या ताटातला भात खायची आणि स्वतःच्या ताटातला मला भरवायची.

मग शीतलला तिच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की असल्या कागदानं लग्न मोडत नाही, कोर्टातूनच घटस्फोट घ्यावा लागतो. तिनंच वकीलबाई शोधून काढल्या. मी म्हणालो, मी येणार. एकटी बाई वकिलाकडं जाते हे बरं दिसत नाही. खरं कारण तांदळाच्या डब्यात होतं.

घणसोली गावात, गावठाणाच्या गल्लीत, त्यांचं बापजाद्याचं घर. वर तीन मजले चढवून भाड्यानं दिलेले, खाली एका खोलीत बाईंचं ऑफिस आणि पुढं ओटा. बाई मूळच्या तिथल्याच, आगरी. बापाची मिठागरं होती म्हणे, आता तिथं टॉवर उभे आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बघणं असं की माणूस आपोआप खिशात काय काय आहे ते आठवायला लागतो.

मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. बाईंनी विचारलं, "घटस्फोट तुमचा हाय का काका?"

"माझा कसा असंल? मुलीचा."

"मग बाहेर बसा."

"मी बाप आहे तिचा."

"तेच तर. बाप, भाऊ, मामा, सगळे बाहेर. आत फक्त जिचं लग्न मोडतंय ती."

आयुष्यात मला कुणी खोलीबाहेर काढलं नव्हतं. मालाच्या मालकाला कधी जमलं नाही, ते ह्या बाईनं केलं. मी ओट्यावर आलो. तिथं त्यांची म्हातारी आई सुपात जवळ्याची बारीक मासळी निवडत होती. ती म्हणाली, "बस रं दादा. पानी देऊ? मनाला लावू नको. माजे पोरीचा कोनावर बी इस्वास नाय. मी मावरा आनला तरी कल्लं उघडून बघते, ताजा हाय का शिला."

खिडकी उघडी होती. मी काय कान बंद करून बसणार होतो? पुढं वर्षभर मी त्या ओट्यावर बसलो आणि खिडकीतून जेवढं येईल तेवढं ऐकलं. बाईंना ते माहीत असणार. त्यांनी खिडकी कधी लावली नाही.

त्यांची एक सवय मला फार खटकायची. कुठलाही कागद असो, अशिलानं तो मोठ्यानं वाचल्याशिवाय त्या सही करू द्यायच्या नाहीत. उलव्याच्या मोठ्या सोसायटीतली गाडीतून येणारी बाई असो नाहीतर भाजी मार्केटात पाला वेचणारी असो. ज्याला वाचता येत नाही त्याला त्या स्वतः वाचून दाखवायच्या आणि मग म्हणायच्या, "आता तुमच्या शब्दांत सांगा, मी काय वाचलं." एकदा एक पँटशर्टातला माणूस वैतागला. "मॅडम, मी इंजिनिअर आहे." बाई म्हणाल्या, "मग लवकर होईल तुमचं. वाचा." मी ओट्यावर बसून हे ऐकायचो आणि मला घरचा तांदळाचा डबा आठवायचा.

दुसरं म्हणजे, शेवटी प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या. "घरात एक कागद राहिलाय. जाऊन शोधा. प्रत्येक घरात राहतो." कुणी मग विसरलेली चिठ्ठी आणायचा, कुणी मोबाईलमधले मेसेज दाखवायचा. शीतललाही सांगितलं. ती म्हणाली, "सोडचिठ्ठी होती, ती आबांकडं आहे. त्यात फक्त भांड्यांचं आहे, आबांनी वाचलीय." बाई म्हणाल्या, "आणा." शीतलनं घरी मला विचारलं. मी म्हणालो, सापडत नाही. पुढच्या वेळेला पण सापडत नाही म्हणालो. तिसऱ्या वेळेला शीतलनं ओट्यावरच मला विचारलं, तेव्हा तिच्या मागून बाई खिडकीतून माझ्याकडं बघत होत्या. 

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हिला कुठून तरी कळलंय. आणि कळलंय म्हणजे कुणाकडून? जावयाकडूनच. म्हणजे ही त्यांना सामील आहे. ज्याच्या मनात काही असतं त्याला दुसऱ्याच्या मनात तेच दिसतं असं म्हणतात, पण तेव्हा मला ते कुणी सांगितलं असतं तर मी त्याला ओट्यावरून खाली ढकललं असतं.

पुरावाही मिळाला. बेलापूरच्या कोर्टात तारीख होती. काम झाल्यावर शीतल कामावर निघून गेली आणि मी जिन्यात रेंगाळलो. बघतो तर आमच्या बाई जावयाच्या वकिलाबरोबर कॅन्टीनमध्ये चहाला. हसून बोलत होत्या! मी खांबामागं जाऊन बसलो आणि पेपर उघडला. आमच्या शेजारच्या फळबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतात. वर दोघं पावसापाण्याचं बोलत असतात आणि खाली आंब्याच्या पेटीचा भाव ठरलेला असतो. मी जन्मभर ते बघितलंय. मला वाटलं, आता इथं टेबलाखाली माझ्या ओवीचा सौदा चाललाय.

तेवढ्यात त्या वकिलानं मोबाईल काढून बाईंच्या पुढं धरला. बाईंनी तो हातात घेतला, बोटानं मोठा केला आणि बराच वेळ वाचला. त्यांचं हसणं गेलं. मोबाईल परत दिला, काहीतरी थोडं बोलल्या, आणि मान न वळवता कॅन्टीनवाल्याला म्हणाल्या, "त्या खांबामागच्या काकांना एक कटिंग द्या."

मला पळता येईना की बसता येईना. तो वकील गेल्यावर बाई स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या.

"पेपर वाचताय का नुसता धरलाय काका?"

"तुम्ही त्यांच्या वकिलाबरोबर चहा पिता," मी म्हणालो.

"पिते. भांडण तुमचं आणि जावयाचं, माझं आणि त्याचं नाय. तुम्ही दुसऱ्या टोळीच्या माणसाबरोबर कधी तंबाखू मळली नाही?"

मळली होती. पण मी कबूल केलं नाही.

"उद्या चार वाजता या," त्या म्हणाल्या. "एकटे या. शीतलला आणू नका."

रात्रभर... नाही, खोटं कशाला, मी झोपलो. पण सकाळपासून मनात तेच. एकटं कशाला बोलावलं? काहीतरी मागणार. जावयाकडून घेतलं, आता माझ्याकडून घेणार. मी घट्ट मनानं गेलो.

ओट्यावर बसायला लागलो तर बाई दारात आल्या. "आज तुम्ही आत."

आत बसलो. बाईंनी दार लावलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीपण लावली.

"कागद आणलात?"

"कुठला कागद?"

"काका," त्या म्हणाल्या, "काल मी त्याचाच फोटो बघितला. तो वकील मला विचारत होता, तुमच्या अशिलानं पोरगी द्यायचं लिहून दिलंय, मग तुम्ही ताबा कसला मागताय? आणि मला काय माहीत नाय. इतक्या वर्षांत मी कधी अशी उघडी पडले नव्हते. जा, घेऊन या."

मी चालत घरी गेलो, तांदळात हात घातला, कागद काढून झटकला आणि चालत परत आलो. मला वाटलं होतं त्या आता ओरडतील. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, "वाचा. मोठ्यानं."

"तुम्ही बघितलाय ना?"

"मी बघितलाय. तुम्ही वाचा."

मी वाचला. बोट लावून. जोडाक्षर आलं की थांबायचो, मागं यायचो, परत सुरुवात करायचो. बाहेर म्हातारी कुणाला तरी ओरडत होती, वर भाडेकरूंचा मिक्सर चालू होता. बाई एका शब्दाला मदतीला आल्या नाहीत. 'विनातक्रार'पाशी मी तिसऱ्यांदा अडलो तेव्हा माझ्या मानेला घाम आला होता. अडीच मणाची गोणी घेऊन फळीवरून चढताना मला कधी असा घाम आला नव्हता.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "सही करताना शीतलला काय सांगितलं होतं?"

"मी वाचलंय म्हणून."

"आणि वाचलं होतं?"

मी मानेचा घाम पुसला. त्यांनी उत्तर मिळालं असं धरलं.

मग त्या पहिल्यांदा जरा मऊ आवाजात बोलल्या. "हे बघा. पाच माणसं बसून कुणाचं मूल कुणाला देऊ शकत नाहीत. लिहिणाऱ्यानं अर्धा कायदा कुठंतरी ऐकलाय. पाचाच्या आतलं मूल आईकडं असावं असं कायद्यात हाय. पाच झालं की उचलून बापाला द्या असं कुठंच नाय. कोर्ट पोरीचं भलं बघणार, हा कागद नाही बघणार. पण ह्यावर तिची सही हाय. ते म्हणणार, आईनंच राजीखुशीनं लिहून दिलं, तिला पोरगी नकोच होती. तिला ती ओळ माहीत नव्हती हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस हाय."

"मग लिहा ना," मी म्हणालो, "त्या पाचांनी फसवलं. मला अंधारात ठेवलं म्हणून लिहा."

"फसवलं का त्यांनी? कागद लपवला? वाचू दिला नाय?"

"... दिला होता पुढं."

"मग खोटं मी लिहिणार नाय." त्यांनी कागद घडी करून माझ्याकडं सरकवला. "आणि कोर्टात तिनं हे पहिल्यांदा ऐकायचं नाय. आधी घरी सांगा. मी सांगणार नाय. ते माझं काम नाय."

मी दोन दिवस घालवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शीतल ओवीची वेणी घालत होती, तेव्हा कागद तिच्या मांडीशी ठेवला आणि म्हणालो, "खालून चौथी ओळ." तिनं ती एका दमात वाचली. वेणी अर्धी राहिली होती. तिनं ती पुरी केली, रबर लावलं, ओवीला खेळायला पाठवलं. मग म्हणाली, "मी बारावी झालेय आबा. कागद माझ्या हातात तरी द्यायचा होता."

एवढंच. पुढं आठ-दहा दिवस ती माझ्याशी जेवायला बसा, चहा झालाय, ह्यापलीकडं बोलली नाही. मी शिव्या ऐकायची तयारी केली होती. शिव्यांना मी उत्तर दिलं असतं.

कोर्टात द्यायचं माझं प्रतिज्ञापत्र बाईंनी तयार केलं आणि अर्थातच मला मोठ्यानं वाचायला लावलं. त्यात पहिल्याच ओळीत होतं, 'मी अल्पशिक्षित असून'. मी थांबलो.

"हा शब्द काढा."

"का? खोटं हाय?"

"अल्प म्हणजे किती? कुणीही काहीही समजंल. तिसरी शिकलो असं लिहा. तिसरी म्हणजे तिसरी."

बाई हसल्या. मी त्यांना त्या कॅन्टीननंतर हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी शब्द काढला.

तारखेच्या दिवशी जावयाकडच्यांनी त्या पाचांतल्या दोघांना आणलं होतं. मी ज्यांच्यापुढं मान हलवली होती तेच. ते बाकावर बसलेले, मी उभा. जावयाच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही टोळीचे मुकादम होता. हजेरीचं बुक सांभाळत होता. आणि आता म्हणता वाचता येत नाही?"

मी म्हणालो, "येतं. सावकाश येतं."

"मग कागद का वाचला नाही?"

मी बाईंकडं बघितलं. त्या खाली फायलीत बघत होत्या, जशा काही त्या तिथं नव्हत्याच. मग मी जज्जसाहेबांना सांगितलं, "साहेब, सगळे बघत होते. मला सावकाश वाचायची लाज वाटली. मी न वाचताच वाचलं म्हणालो, म्हणून हिनं सही केली. हिचा त्यात दोष नाही."

त्या दोघांपैकी एकानं मान खाली घातली. तो माझ्याच वर्गात होता. तोही तिसरीच.

निकाल लागायला पुढं बरेच महिने गेले. ओवी पाचाची झाली, तिचा वाढदिवस आम्ही घरातच केला, आणि तिला कुणी न्यायला आलं नाही. मग घटस्फोट झाला आणि ओवी आईकडंच राहील असं ठरलं. बापानं दर दुसऱ्या रविवारी तिला भेटायचं, सकाळी दहा ते पाच. मला तेवढंही नको होतं. मी बाईंना म्हणालो, "जिंकलो ना आपण? मग रविवार कशाला द्यायचे?"

"तिला बाप हाय काका."

"हात उचलणारा बाप."

"म्हणून तर सकाळी दहा ते पाच. मुक्काम नाय." मग म्हणाल्या, "माझा तुमच्यावर पण विश्वास नाय आणि त्याच्यावर पण. पण पोरीला तुमच्या दोघांचं भांडण वाटून द्यायचं नाय." आणि पोहोचवायला, आणायला आजोबांनीच जायचं, हे त्यांनीच भेटींच्या कागदात घालून घेतलं होतं, आणि त्यावर माझीही सही लागणार होती. मी सही करायच्या आधी वाचताना ते मला सापडलं. भांडलो. ऐकलं नाही.

असे माझे रविवार सुरू झाले. बसनं उलव्याला जायचं, ओवीचा हात जावयाच्या हातात द्यायचा, एक शब्द न बोलता मागं फिरायचं, पाचला परत जायचं. दुपारी दोनच्या सुमाराला माझा फोन वाजायचा. वकीलबाई. "काका, नेलंत का पोरीला? वेळेवर? काही बोललात का त्याला? नाय ना? बरं." फोन बंद. पहिल्यांदा मला वाटलं काम आहे. मग प्रत्येक भेटीच्या रविवारी यायला लागला. मी शीतलला म्हणालो, "बघ, केस संपली तरी पाळत ठेवते. मी पोरगी लपवून ठेवीन असं वाटतं हिला." शीतल म्हणाली, "ठेवाल पण." तोपर्यंत ती माझ्याशी बोलायला लागली होती.

एकदा एका रविवारी फोन आला नाही. मी म्हणालो, सुटलो. पुढच्या वेळेलाही आला नाही. मग गुरुवारी भाजी आणायला घणसोली गावाच्या नाक्यावर गेलो तर विजेच्या खांबाला फ्लेक्स लावलेला. बाईंचा फोटो, वकिली कोटातला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि सगळ्या नातेवाइकांची नावं. मी खालपर्यंत वाचलं. आजार बरेच दिवस होता, असं नंतर त्यांच्या आईनं सांगितलं. ओट्यावर आता सूप नव्हतं. म्हातारी नुसतीच बसली होती. "माजी पोर डाक्टरवर पन इस्वास नाय ठेवायची," ती म्हणाली. "गोली पन इचारून इचारून घ्यायची." मी तिच्या शेजारी बसलो. आतल्या खोलीला कुलूप होतं, आणि एक बाई पिशवीत कागद घेऊन पायरीशी उभी होती. तिला अजून कळलं नव्हतं. मीच सांगितलं.

पुढच्या भेटीच्या रविवारी ओवीला घेऊन गेलो. जावई गेटपाशी उभा होता. मी हात सोडला आणि वळलो, तर तो म्हणाला, "आबा, वकीलबाई गेल्या."

दोन वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता. मी म्हणालो, "कळलं."

"मी गेलो होतो मातीला."

मी वळून त्याच्याकडं बघितलं. जुना संशय असा क्षणात उठून बसतो. "तू का गेलास? तुझ्याकडून होत्या का त्या?"

"माझ्याकडून?" तो कसनुसा हसला. "त्यांच्यामुळंच हरलो मी. पण भेटीच्या प्रत्येक रविवारी दीड वाजता फोन यायचा त्यांचा. पोरगी जेवली का, काय खाल्लं, आवाज चढवला नाही ना. मला वाटायचं माझ्यावरच पाळत आहे."

मला दोनला यायचा. म्हणजे त्याचं ऐकून घेऊन मग माझं. मी त्याला ते सांगितलं नाही. बसस्टॉपवर येऊन बसलो. तिथून विमानतळाकडच्या रस्त्याला मोठमोठे ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि मी मोबाईलकडं बघत होतो. घरी जायच्या कितीतरी बस सोडल्या.

दीड वाजून गेला. मग पावणेदोन. जावयाचा नंबर माझ्याकडं होता. बाईंनीच निकालाच्या कागदाबरोबर लिहून दिला होता, मी कधी लावला नव्हता. मी लावला.

तो लगेच उचलला गेला.

"पोरगी जेवली का?" मी विचारलं.

 जावई म्हणाला, "जेवली." आणि लगेच पुढं सांगायला लागला, "भात नको म्हणाली. दोन चपात्या खाल्ल्या, बटाट्याची भाजी, थोडं वरण. वरणात मिरची नव्हती. हात धुतले. आता चित्र काढत बसलीय, तिथंच, माझ्यासमोर. मी आवाज चढवला नाही."